पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर: कोणती वेदनाशामक गोळी, किती आणि कधी?

दादरचा_केमिस्ट (धागाकर्ता)

पित्ताशय दुर्बिणीतून काढल्यावर हल्ली बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच घरी सोडतात. हातात डिस्चार्जचा कागद. त्यावर चार-पाच ओळी, कुठे १-०-१, कुठे १-१-१, एखादीपुढे एसओएस (म्हणजे गरज लागली तरच). कोणती गोळी कशासाठी, हे घरच्यांना धड ठाऊक नसतं. मग काही जण "उगाच गोळ्या नकोत" म्हणून दुखणं सोसत पडून राहतात. काही जण एकाच जातीच्या दोन गोळ्या वेगवेगळ्या नावांनी घेतात. यातला दुसरा प्रकार काउंटरवर फार दिसतो, म्हणून हा धागा.

आधी पाकिटावरचं नाव विसरा आणि त्याखालची बारीक अक्षरं वाचा. या ऑपरेशननंतर मिळणाऱ्या गोळ्या मुख्यतः तीन घराण्यांतल्या असतात.

पहिलं घराणं पॅरासिटामॉल: डोलो, कॅल्पॉल, क्रोसिन वगैरे. आपल्याकडे ५०० आणि ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात.

दुसरं घराणं सूज आणि वेदना दोन्ही उतरवणाऱ्या गोळ्यांचं, डॉक्टरांच्या भाषेत एनएसएआयडी. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, किटोरोलॅक, एटोरिकॉक्सिब, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड हे सगळे एकाच घरातले. एका वेळी यातलं एकच. दोन घेतल्यानं दुखणं दुप्पट कमी होत नाही. जठर आणि मूत्रपिंडावरचा भार मात्र वाढतो.

तिसरं ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं औषध. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थ कायद्याखाली आलं आहे. चिठ्ठीशिवाय मागू नका. दुकानदारानं नकार दिला तर तो बरोबर वागतोय.

गोंधळ होतो तो जोडगोळ्यांमुळे. झेरोडॉल-पी म्हणजे असेक्लोफिनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५. कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० + पॅरासिटामॉल ३२५. अल्ट्रासेट म्हणजे ट्रामाडॉल ३७.५ + पॅरासिटामॉल ३२५. मेफ्टाल-स्पास म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड २५० + डायसायक्लोमिन १०. कागदावर झेरोडॉल-पी लिहिलेली असताना घरातली कॉम्बिफ्लाम वर घेतली, तर एनएसएआयडी दोन झाल्या.

भूलतज्ज्ञ आणि सर्जन मंडळींनी मात्रांबद्दल लिहावं ही विनंती.

भूलतज्ज्ञ_परळ

चांगला धागा. मात्रांवर येण्याआधी दुखतं कुठे आणि का ते सांगतो, कारण औषधाची निवड त्यावर ठरते.

या ऑपरेशनात तीन प्रकारचं दुखणं एकत्र असतं. एक, भोकांच्या जागचं. साधारण चार भोकं असतात, दोन मोठी १० मिलिमीटरची आणि दोन ५ ची. ज्या भोकातून पित्ताशयाची पिशवी बाहेर काढतात, ते सगळ्यांत जास्त दुखतं. खडा मोठा असेल तर ते थोडं रुंदही करावं लागतं. दोन, आतलं. यकृताला चिकटलेली पिशवी सोडवली, त्या जागेचं बोथट, खोल दुखणं. पहिले २४ तास ते जास्त जाणवतं. तीन, खांद्याचं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं पडदा म्हणजे डायफ्रॅम ताणला जातो आणि उरलेला वायू त्याच्या खाली साठून चुरचुरतो. पडद्याची नस मानेतून निघते, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून. खांद्याच्या त्वचेच्या नसाही तिथूनच येतात. म्हणून बिघाड पोटात आणि दुखतो खांदा, बहुतेकदा उजवा.

आता मात्रा. या प्रौढांसाठी आहेत, मूत्रपिंड आणि यकृत ठीक असलेल्यांसाठी. तुमच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर आधी लिहिणाऱ्याला विचारा.

पॅरासिटामॉल: वजन ५० किलोच्या वर असेल तर १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, दर ६ तासांनी. २४ तासांत कमाल ४ ग्रॅम. घरी काही दिवस घ्यायचं असेल तर ३ ग्रॅमच्या आसपास राहणं मला जास्त पटतं. वजन ५० च्या खाली असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. ४५ किलोच्या आजींना ६७५ होतात, म्हणजे ६५० ची एक गोळी अगदी बरोबर. दिवसाला चारच्या वर नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल तर २ ग्रॅमवर थांबा.

एनएसएआयडी, खालीलपैकी एक:
- असेक्लोफिनॅक १००, दर १२ तासांनी
- डायक्लोफिनॅक ५०, दर ८ तासांनी, दिवसाला १५० च्या वर नाही
- आयब्युप्रोफेन ४००, दर ८ तासांनी
- एटोरिकॉक्सिब ९०, दिवसातून एकदाच

किटोरोलॅक १० मिलिग्रॅमबद्दल स्वतंत्र लिहितो. दातांच्या दुखण्यामुळे ते घराघरांत असतं आणि लोकांना ते "स्ट्राँग" वाटतं. वेदना ते चांगलीच कमी करतं, पण जठरातला रक्तस्राव आणि मूत्रपिंड या दोन्ही बाबतींत याच घराण्यातल्या इतरांपेक्षा कडक आहे. इंजेक्शन आणि गोळ्या मिळून ५ दिवसांची मर्यादा आहे. रुग्णालयात ३० मिलिग्रॅमची इंजेक्शनं झाली असतील तर ते दिवस त्यात धरायचे. घरी त्याची गरज सहसा पडत नाही.

या ऑपरेशनसाठीची प्रॉस्पेक्ट या आंतरराष्ट्रीय गटाची शिफारस मुळात साधी आहे: पॅरासिटामॉल अधिक एक एनएसएआयडी, दोन्ही ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन चालू असताना सुरू करून पुढे नियमित. भूल देताना डेक्सामिथासोन या स्टेरॉइडचा एक डोस. भोकांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन. अफूजातीचं औषध फक्त एवढ्यानं भागलं नाही तरच.

मुलुंडकरीण

डॉक्टर, मग पॅरासिटामॉल हे तापाचं औषध, ते दुखण्यावर कितीसं चालणार? आणि ट्रामाडॉल तर सगळ्यांत जोरदार ना?

भूलतज्ज्ञ_परळ

ताई, हा समज सगळीकडे आहे आणि आकडे उलटं सांगतात. एकेका डोसची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यातलं माप असं: किती रुग्णांना औषध दिल्यावर, खोट्या गोळीच्या तुलनेत, एका जादा रुग्णाचं दुखणं निम्म्याहून कमी होतं. आकडा जितका लहान तितकं औषध चांगलं.

आयब्युप्रोफेन ४०० चा आकडा २.५. पॅरासिटामॉल १ ग्रॅमचा ३.६. आयब्युप्रोफेन २०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र दिलं तर १.६. कोडीन ६०, जे अफूजातीचं आहे, त्याचा १२. यातले बरेच अभ्यास अक्कलदाढ काढल्यानंतरचे आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे पोटाला लावू नयेत. पण क्रम लक्षात घ्या. दोन वेगळ्या घराण्यांतल्या साध्या गोळ्या निम्म्या मात्रेत एकत्र दिल्या, तरी त्या एकट्या मोठ्या गोळीपेक्षा सरस ठरल्या.

ट्रामाडॉल जोरदार वाटतं, कारण ते गुंगी आणतं. आणि या ऑपरेशननंतर मळमळ मुळातच जास्त असते, विशेषतः तरुण बायकांत, ज्यांना गाडी लागते त्यांच्यात. त्यात ट्रामाडॉलनं उलटी झाली की प्रत्येक ओकारीला टाके ताणले जातात. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिलं तर तेच ट्रामाडॉलचा वेदनाशामक परिणाम थोडा कमी करतं. फिट्सचा त्रास असलेल्यांना ते नको. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन चालू असेल तर डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय नको, दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. अंगावर पाजणाऱ्या आईला तर नकोच. तिला पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन चालतं.

सर्जन_पार्ले

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, एका ठिकाणी थोडा वेगळा विचार. पित्ताशय सुजलेलं, चिकटलेलं, यकृताच्या बाजूनं बराच रक्तस्राव झालेला, अशा अवघड केसमध्ये पहिले २४ तास मी एनएसएआयडी टाळतो. तेव्हा पॅरासिटामॉल शिरेतून आणि गरजेपुरतं ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाइनमध्ये हळूहळू. शिरेतून भसकन दिलं की उलटी ठरलेली. ट्रामाडॉल वाईट औषध नाही, पण ते पहिलं नाही.

ऑपरेशन टेबलावर करायच्या गोष्टींचा नंतरच्या गोळ्यांवर फार फरक पडतो, त्या रुग्णांनी आधी विचाराव्यात. वायूचा दाब १२-१४ ऐवजी जमेल तिथे ८-१० ठेवला तर खांदा कमी दुखतो. शेवटी डोकं खाली करून, भूलतज्ज्ञानं फुप्फुसं चारपाच वेळा मोठी फुगवून उरलेला वायू भोकांतून बाहेर काढला तर अजून कमी. आणि भोकांच्या कडांना ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. किलोमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर ६० किलोच्या माणसाला ४८ मिलिलिटरपर्यंत चालतं, प्रत्यक्षात २० मिलिलिटर पुरतं.

अवांतर: भारतातलं असं पहिलं ऑपरेशन मुंबईतच झालं, जे. जे. रुग्णालयात, १९९० साली, डॉ. तेहेमटन उदवाडिया यांच्या हातून. तेव्हापासून भोकं लहान होत गेली, पण घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्यायच्या हे समजावायला वॉर्डात अजूनही पुरेसा वेळ दिला जात नाही.

सिस्टर_माई

डॉक्टरांनी ब्युपिव्हाकेनचं लिहिलं त्यावरून. त्याचा परिणाम ४ ते ८ तासांत उतरतो. सकाळी ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी हसत बोलत असतो, "काही दुखत नाही" म्हणून गोळी नाकारतो, आणि रात्री अकरानंतर बेल वाजवायला लागतो. तेव्हा दिलेली गोळी चढायला वेळ लागतो: पॅरासिटामॉलला अर्धा ते एक तास, असेक्लोफिनॅकला त्याहून जास्त. म्हणून बधिरपणा उतरायच्या आधी पहिला डोस पोटात गेला पाहिजे. दुखत नसलं तरी.

घरी गेल्यावर पहिले तीन दिवस घड्याळ बघून घ्या. "दुखलं तर घेईन" हे चौथ्या दिवसापासून.

१-०-१ चा अर्थ सकाळी नऊ आणि रात्री नऊ असा धरा. लोक सकाळी अकराला नाश्त्यानंतर एक आणि संध्याकाळी सातला दुसरी घेतात, मग रात्रभर सोळा तासांची पोकळी. पहाटे चारला जागं करणारं दुखणं बऱ्याचदा या पोकळीचं असतं.

दुखणं मोजताना नुसतं पडून विचारू नका. खोकून बघायला सांगा. पडून ० ते १० मध्ये २ असेल आणि खोकताना ७, तर औषध पुरत नाही. तो माणूस कफ काढणार नाही, आणि छाती भरली की नवीन दुखणं. खोकताना उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची. उठताना सरळ बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटून उठायचं. पहिल्या आठवड्यात याचा फायदा एका गोळीइतका होतो.

गिरगावकर

माई, कागदावर फक्त झेरोडॉल-पी १-०-१ आणि पॅन ४० (ॲसिडची गोळी) सकाळी आहे. पेशंट पुरुष, वय ४८, वजन ७२, दुसरा आजार नाही. रात्री दुखतंय. डोलो वर घेतली तर पॅरासिटामॉल जास्त होईल का?

दादरचा_केमिस्ट

हिशेब करू, दादा. झेरोडॉल-पीच्या दोन गोळ्यांत पॅरासिटामॉल फक्त ६५० मिलिग्रॅम. ७२ किलोच्या माणसाला दिवसभरात एवढं म्हणजे फार कमी. सहसा इथेच चुकतं: जोडगोळी दिली की पॅरासिटामॉलही पूर्ण दिलं असं सगळे धरून चालतात.

सकाळी ९ ला नाश्त्यानंतर झेरोडॉल-पी + डोलो ६५० म्हणजे ९७५. दुपारी ३ ला डोलो ६५०. रात्री ९ ला जेवणानंतर पुन्हा झेरोडॉल-पी + डोलो ६५०, म्हणजे ९७५. एकूण २६०० मिलिग्रॅम. ४ ग्रॅमच्या बरंच खाली. रात्री तीनला जाग आलीच तर अजून एक डोलो, तरी ३२५० होतं. सर्जनला फोन करून एवढं सांगा आणि त्यांचा होकार घ्या. कोणी मोकळेपणानं विचारलं तर डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत.

पॅन ४० नाश्त्याआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. जेवणानंतर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. एनएसएआयडी बंद केली की तीही बंद करायची. लोक ती पुढे महिनोन्‌महिने चालू ठेवतात.

झेरोडॉल-एसपी लिहिली असेल तर त्यातला 'एस' म्हणजे सेराशिओपेप्टिडेज, सूज उतरवतं म्हणून घातलेलं. त्याचा भक्कम पुरावा नाही. साधी 'पी' मिळत असेल तर त्यानं काही बिघडत नाही. जनऔषधी दुकानात असेक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही जेनेरिक नावानं मिळतात, औषध तेच.

मुलुंडकरीण

सासूबाई ६८ वर्षांच्या, वजन ५१. टेल्मा-एच (रक्तदाबाची) आणि इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन) चालू. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.३. त्यांना डायक्लोफिनॅक ५० तीन वेळा लिहिलंय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

भूलतज्ज्ञ_परळ

ताई, ऑपरेशनच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. टेल्मा-एचमध्ये टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही आहे. त्यावर डायक्लोफिनॅक आलं की मूत्रपिंडाला तिन्ही बाजूंनी मार: एक औषध रक्तवाहिनी आत येताना आवळतं, दुसरं बाहेर जाताना सैल करतं, तिसरं शरीरातलं पाणी कमी करतं. ऑपरेशननंतर त्या पाणी कमीच पितील. ६८ वर्षांच्या, ५१ किलोच्या बाईत १.३ क्रिएटिनिन दिसतं तितकं सौम्य नाही. तिचं मूत्रपिंड बरंच मंदावलेलं असतं. शिवाय इकोस्प्रिनबरोबर जठरातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो.

त्यांना माझ्या मते एनएसएआयडी नकोच. पॅरासिटामॉल ६५० दर ६ तासांनी, घड्याळ बघून, पाच दिवस. भोकांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन नक्की द्यायला सांगा, जमल्यास टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन. अगदीच सहन होत नसेल तर ट्रामाडॉल २५ ते ५०, फक्त रात्री, आणि पहिल्या रात्री बाथरूमला कोणीतरी बरोबर. पडून मांडीचं हाड मोडलं तर पित्ताशयाचं ऑपरेशन बाजूलाच राहील. इकोस्प्रिन बंद करायची की नाही हे फिजिशियन ठरवतील, घरी ठरवू नका. आणि हा सगळा मजकूर भूल तपासणीच्या दिवशी त्या भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. निर्णय त्यांचा.

दमा असलेल्यांसाठीही एक ओळ: काही जणांना एनएसएआयडीनं दमा उसळतो. पूर्वी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेननं त्रास झाला असेल तर हे घराणंच बंद. हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफिनॅक आणि एटोरिकॉक्सिब टाळायचं.

फिजिओ_बोरिवली

खांद्याच्या दुखण्यावर कुणी सविस्तर लिहिलेलं नाही म्हणून. इथे दोन चुका नेहमी दिसतात.

पहिली, "गॅस झालाय" म्हणून ईनो, पुदिनहरा, सिमेथिकोनची गोळी, ओवा. हा वायू आतड्यात नाही. तो आतड्याच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत आहे. ढेकर किंवा वारा सरून तो जाणार नाही. तो रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून त्यावरचं औषध म्हणजे चालणं आणि खोल श्वास.

दुसरी, खांद्याला व्होव्हेरान (डायक्लोफिनॅकचं) जेल किंवा बाम चोळणं. दुखतोय तो खांदा नाहीच, पडदा दुखतोय. जेलनं तिथे काही होत नाही, आणि जखमांजवळ लागलं तर चुरचुरतं.

दर दोन तासांनी पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. खोल श्वास एका वेळी दहा, सावकाश. बसून खांदा जास्त दुखतो, कारण वायू वर पडद्याखाली चढतो. असह्य झालं तर उताणं सपाट झोपून पंधरा-वीस मिनिटं थांबा, वायू सरकतो. खांद्यावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून चालेल, पोटावरच्या टाक्यांवर नाही. मधुमेहात बधिरपणा असेल तर आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत उतरतं.

सिस्टर_माई

+१. आणि डायक्लोफिनॅकचा चिकटवायचा पॅच. हल्ली १०० आणि २०० मिलिग्रॅमचे सर्रास लावतात. तो लावलेला असताना पोटात झेरोडॉल-पी दिली तर एनएसएआयडी दोन झाल्या. डिस्चार्जच्या वेळी पाठीवर, दंडावर पॅच आहे का बघा, आणि त्यावर लावल्याची तारीख पेननं लिहून घ्या.

उलट्या थांबत नसतील तर गोळी टिकत नाही. तेव्हा डायक्लोफिनॅक १०० ची सपोझिटरी गुदद्वारातून, दिवसातून एकदा, हा चांगला मार्ग आहे. लोक लाजतात. दंडात-कमरेत टोचलेल्या ७५ च्या इंजेक्शनापेक्षा तो बरा, त्या इंजेक्शनाची गाठ कधी कधी आठवडाभर दुखते.

शौचाला कडक होणं हेही दुखण्याचं कारण. ट्रामाडॉल घेत असाल तर पहिल्या दिवसापासून रात्री लॅक्टुलोज (शौचाला मऊ करणारं औषध) १५ मिलिलिटर.

भांडुपकर

पोटात कळ येते म्हणून मेफ्टाल-स्पास किंवा सायक्लोपाम चालेल का? ऑपरेशनच्या आधी त्यानंच आराम पडायचा.

सर्जन_पार्ले

आधी आराम पडायचा कारण तेव्हा खड्यावर पिशवी आवळत होती. आता पिशवी नाही. आता दुखतं ते जखमेचं, त्यावर पेटके थांबवणाऱ्या औषधाचा उपयोग जवळपास शून्य. वर तोंड कोरडं, लघवी अडकणं, आतडी मंद होऊन पोट फुगणं. मेफ्टाल-स्पासमध्ये एनएसएआयडी आहेच, मोजणीत ती धरावी लागेल. मेफेनॅमिक ॲसिडनं क्वचित अंगावर पुरळ आणि तापासह तीव्र प्रतिक्रिया येते, त्याबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढली होती.

पण दादा, तुमच्या प्रश्नातला "कळ" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशननंतर पूर्वीसारखीच कळ उजव्या बरगडीखाली, पाठीत जाणारी, येत असेल तर गोळी शोधू नका. पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो. सर्जनला कळवा, लिव्हर फंक्शन आणि सोनोग्राफी.

नियम असा धरा: दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यापेक्षा जास्त दुखत असेल तर डोस वाढवायचा नाही, दाखवायला जायचं. पित्त गळत असेल तर ते बहुधा पहिल्या आठवड्यात कळतं: पोट ताठ, फुगलेलं, नाडी वेगात, भूक मेलेली, कधी ताप. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, थंडी वाजून ताप, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. नियमित पॅरासिटामॉल चालू असताना ताप झाकला जातो. म्हणून गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा, नंतर नाही.

दादरचा_केमिस्ट

जुलै ते ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन असणाऱ्यांसाठी एक भर. पावसाळ्यात मुंबईत ताप आला तर तो टाक्यांचा, डेंग्यूचा की लेप्टोचा, हे घरी कळत नाही. डेंग्यू नाही हे रक्ततपासणीत कळेपर्यंत झेरोडॉल, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान सगळं थांबवा. प्लेटलेट उतरलेल्या असताना हीच औषधं रक्तस्राव वाढवतात. तेवढे दिवस फक्त पॅरासिटामॉल. टाके ओले असताना तुंबलेल्या पाण्यातून चालत जाणं अर्थातच नको.

संकष्टी किंवा श्रावणी सोमवार मध्ये आला तर एनएसएआयडी उपाशीपोटी घेऊ नका. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी पॅरासिटामॉलवर राहा, ते रिकाम्या पोटी चालतं. पाणी मात्र भरपूर.

गिरगावकर

सर्जनशी बोललो, डोलोला होकार मिळाला. आता गोळ्या बंद कोणत्या क्रमानं करायच्या? आणि ऑफिस चर्चगेटला आहे, लोकलनं कधीपासून?

भूलतज्ज्ञ_परळ

ज्यांना ट्रामाडॉल आहे त्यांनी ते सगळ्यांत आधी बंद करायचं, शक्यतो दोन-तीन दिवसांत. मग एनएसएआयडी, चौथ्या-पाचव्या दिवशी, खोकताना दुखणं ३-४ च्या खाली आलं की. शेवटी पॅरासिटामॉल, ते सातव्या-आठव्या दिवसापर्यंत लागेल तसं. उलट क्रम करू नका. पॅरासिटामॉल आधी सोडून "स्ट्राँग" गोळी मागे ठेवणं ही नेहमीची चूक. उरलेलं ट्रामाडॉल घरात साठवू नका, शेजाऱ्याला पाठदुखीसाठी देऊ नका.

लोकलचं सर्जन सांगतील. ट्रामाडॉल घेतलेल्या दिवशी स्कूटर, गाडी चालवायची नाही.

सर्जन_पार्ले

बैठं काम असेल तर साधारण एक ते दोन आठवड्यांत. पण तुमच्या प्रश्नात ऑफिसपेक्षा प्रवास अवघड आहे. गर्दीच्या वेळी दारात लटकून हात वर धरणं आणि लोंढ्याचा कोपर पोटात बसणं, हे दोन आठवडे टाळा. अकरानंतरची गाडी, बसायला जागा. जड वजन ४ आठवडे उचलू नका, त्यात गॅस सिलिंडर, पाण्याची भरलेली बादली आणि कडेवरचं मूल आलं.

मुलुंडकरीण

एक शेवटचं विचारते. शेजारच्या काकूंचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. बेंबीच्या टाक्याजवळ गाठ आलीय, दुखते, मध्ये मध्ये पाणी येतं. त्या रोज कॉम्बिफ्लाम घेताहेत आणि दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला.

सर्जन_पार्ले

ताई, त्यांची कॉम्बिफ्लाम थांबवा आणि त्यांना दाखवायला न्या. टाके नीट भरून, तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा भोकाच्या जागी गाठ, स्राव, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद नाही, असं असेल तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या जंतूंचा, म्हणजे अटिपिकल मायकोबॅक्टेरियाचा विचार करावा लागतो. उपकरणांच्या निर्जंतुकीकरणात किंवा ती धुण्याच्या पाण्यात त्रुटी राहिली की हे होतं. तिसरा कोर्स सुरू करण्याआधी स्रावाचा आणि गाठीच्या तुकड्याचा नमुना जायला हवा, साध्या कल्चरबरोबर एएफबी स्मिअर आणि मायकोबॅक्टेरियल कल्चर (या जंतूंसाठीच्या खास तपासण्या) असं कागदावर स्पष्ट लिहून. नुसतं "पस कल्चर" लिहिलं तर तीन दिवसांत "काही वाढ नाही" असा रिपोर्ट येतो आणि आजार तसाच राहतो. जंतू निश्चित झाला की औषधं काही महिने चालतात, कधी गाठ कापूनही काढावी लागते. जाताना ऑपरेशनचा कागद, आधीच्या दोन्ही अँटिबायोटिकची नावं आणि कॉम्बिफ्लाम किती दिवस घेतली ते लिहून न्या. सहा आठवडे एनएसएआयडी झाली असेल तर त्याच वेळी क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिनही करून घ्या.